‘वयोमानानुसार’ लिहिलेली गळती: ८१ वर्षांच्या आजींची पूर्ण केस

आजींचं वय ८१. रात्री संडासला जाताना पडल्या म्हणून आमच्या वॉर्डात आल्या. हाड मोडलेलं नव्हतं, कमरेला मुका मार होता. पण ऍडमिशनच्या कागदावर खाली एक ओळ होती, ‘लघवीवर ताबा नाही, डायपर चालू, वयोमानानुसार’. मी वृद्धांच्या आजारांचा डॉक्टर आहे, करियर सगळं हॉस्पिटलच्या वॉर्डात आणि लघवीवरच्या ताब्याच्या रिसर्चमध्ये गेलं, आणि ही ओळ मी इतक्या फायलींवर वाचलीये की आता ती दिसली की बाकीची फाइल मी तिथूनच वाचायला घेतो. वयाने मूत्राशय बदलतं हे खरं, त्याची साठवायची ताकद कमी होते, आकुंचन दुबळं होतं, रात्री लघवी जास्त बनते. पण नुसत्या वयाने माणूस सतत ओला राहत नाही, त्याला काहीतरी वेगळं कारण लागतं, आणि हॉस्पिटलात आलेल्या म्हाताऱ्या माणसात ते कारण बऱ्याचदा मूत्राशयाच्या बाहेर असतं. ही केस पूर्ण लिहितोय ती त्यासाठीच. आजींची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

मुलीला बाजूला बसवून विचारलं, आई शेवटची कोरडी कधी होती? हा प्रश्न मी प्रत्येक वेळी असाच विचारतो, कारण ‘कधीपासून त्रास आहे’ विचारलं की लोक ‘बरेच दिवस’ म्हणतात, पण कोरडं असण्याची शेवटची वेळ विचारली की लोकांना नेमकं आठवतं. मुलगी म्हणाली, आठ महिन्यांपूर्वीपर्यंत काहीच नव्हतं डॉक्टर, सगळं स्वतःचं स्वतः करायची, पैशाचा हिशोब पण तीच ठेवायची. मग गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी केली आणि जुन्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्या. या कामाला अर्धा तास लागतो आणि त्या अर्ध्या तासात जे कळतं ते कुठल्याही स्कॅनमध्ये कळत नाही.

तर झालं असं होतं. बीपी वाढलं म्हणून अ‍ॅम्लोडिपिन सुरू झालं, ५ मिलीग्रॅमचं पुढे १० केलं. काही आठवड्यात दोन्ही पाय सुजले. सूज दिसली म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड दिलं, ४० मिलीग्रॅम, सकाळी एक आणि संध्याकाळी सातला एक. मग रात्री चार-पाच वेळा उठणं सुरू झालं, आणि घाई इतकी की दारापर्यंत पोचेस्तोवर कपडे ओले. त्याची तक्रार केली तेव्हा तिसऱ्या ठिकाणी ‘मूत्राशय अतिसक्रिय’ म्हणून टॉल्टेरोडीन मिळालं. त्याने तोंड कोरडं पडायला लागलं, पोट साफ होईना. त्यातच न्यूमोनिया झाला, एका हॉस्पिटलात ऍडमिट केलं, तिथे इमर्जन्सीमध्येच लघवीची नळी घातली आणि ती नऊ दिवस राहिली. तिथे त्या रात्री-बेरात्री बडबडायला लागल्या, नळी ओढायला लागल्या, म्हणून झोपेसाठी हायड्रॉक्सिझिन सुरू झालं. नळी काढल्यावर लघवी थेंब थेंब सतत गळायला लागली, डायपर लागला. लघवीच्या तपासणीत जंतू निघाले म्हणून ताप नसताना दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला. डिस्चार्ज कागदावर ‘स्मृतिभ्रंश असावा’ हा शब्दही चिकटला. घरी सगळ्या गोळ्या तशाच चालू राहिल्या.

यातला एकेक निर्णय सुटा बघितला तर कुणी फार वेडंवाकडं केलंय असं म्हणता येणार नाही. सूज दिसली, सुजेची गोळी दिली. घाई दिसली, घाईची गोळी दिली. अडचण ही की प्रत्येक नवीन तक्रार हा नवीन आजार समजला गेला, आधीच्या गोळीचा परिणाम असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. औषधाच्या दुष्परिणामावर दुसरं औषध, त्याच्या दुष्परिणामावर तिसरं, या साखळीबद्दल पॉला रॉशॉन आणि जेरी गुर्विट्झ १९९० च्या दशकापासून लिहितायत, आणि तरी ही साखळी मला वॉर्डात सतत दिसते.

अ‍ॅम्लोडिपिनची सूज शरीरात पाणी जास्त झाल्याने येत नाही हे इथे समजून घ्यायला हवं. ते बारीक धमन्या सैल करतं, शिरा तेवढ्या सैल होत नाहीत, त्यामुळे केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर पायाच्या पेशींभोवती झिरपतं. म्हणजे लघवी वाढवणारी गोळी दिली तरी ती सूज फारशी हलत नाही, पेशंटच्या रक्तातलं पाणी मात्र कमी होतं. आणि दिवसभर पायात साठलेलं हे पाणी रात्री आडवं झालं की परत रक्तात येतं, मूत्रपिंडं ते गाळून टाकतात. संध्याकाळी सातचं फ्युरोसेमाइड त्याच्यावर अजून भर. मूत्राशय बिचारं आलेली लघवी बाहेर टाकत होतं, त्याला अतिसक्रिय ठरवून त्याच्यावर औषध दिलं गेलं.

तपासायला घेतलं. उठवून बसवल्यावर आणि उभं केल्यावर बीपी घेतलं, आडवं असताना वरचं १४६, उभं राहिल्यावर तीन मिनिटांत ११८. वीसच्या वर घसरण म्हणजे उभं राहताना चक्कर येऊ शकते, तोल जाऊ शकतो. म्हणजे ज्या फ्युरोसेमाइडमुळे आजी रात्री उठत होत्या त्याच गोळीमुळे उठल्यावर पडत होत्या. ही गोष्ट मी राउंडला ज्युनियर डॉक्टरांना दोनदा सांगितली, कारण पडण्याची केस आणि गळतीची केस असे दोन वेगळे कप्पे करायची सवय आपल्याला फार लवकर लागते.

पोटावर हात ठेवला तर ओटीपोटात फुगीर लागत होतं. आजींना संडासात बसवून लघवी करू दिली, शांतपणे, दार लावून, आणि लगेच ब्लॅडर स्कॅन केला. मागे ४२० मिली शिल्लक. इथे केसची दिशा बदलली. सतत थेंब थेंब गळतंय पण मूत्राशय भरलेलंच आहे, म्हणजे ही ओसंडून वाहणारी गळती आहे, आणि अशा पेशंटला मूत्राशय सैल करणारं टॉल्टेरोडीन चालू ठेवणं म्हणजे उलट दिशेने जाणं. लघवी झाल्यावर शिल्लक किती राहते हा एक आकडा, सुई न टोचता, दोन मिनिटांत मिळणारा. तो न बघता म्हाताऱ्या माणसाला घाईच्या गोळ्या देऊ नयेत असं माझं ठाम मत आहे.

मग गुदद्वाराची तपासणी, जी सगळे टाळतात. आत कडक मळ गच्च भरलेला. त्याने मूत्राशयाचं तोंड दाबलं जातं आणि मूत्राशयाचं आकुंचनही दबतं. त्याच तपासणीत गुदद्वाराचा ताण आणि आजूबाजूची संवेदना बघून घेतली, पायांची ताकद बघितली, कारण पाठीच्या कण्यात नसा दबल्या असतील तर लघवी अडण्याचं कारण तिथे असतं आणि तिथे वेळ घालवून चालत नाही. सगळं ठीक होतं. योनीमार्गाची त्वचा पातळ, लालसर, रजोनिवृत्तीनंतर होते तशी. मांड्यांवर ओलाव्याने आलेलं पुरळ. सोनोग्राफीत मूत्रपिंडांवर दाब आलेला नव्हता. साखर, कॅल्शियम, क्रिएटिनिन बरं. हृदयाचा एको नीट आणि हार्ट फेल्युअरची रक्ततपासणीही नॉर्मल, म्हणजे फ्युरोसेमाइड थांबवायला हरकत नव्हती. ही खात्री केल्याशिवाय कुणीही घरी बसून लघवीची गोळी बंद करू नका, हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्ये तीच गोळी जीव वाचवते.

आणि मन. ४एटी नावाची छोटी चाचणी आहे, चार किंवा जास्त गुण आले की तात्पुरता गोंधळ म्हणजे डिलिरियम असण्याची शक्यता धरायची. आजींना सहा आले. आठ महिन्यांपूर्वी हिशोब ठेवणारी बाई, न्यूमोनियानंतर गोंधळलेली, आणि अंगात टॉल्टेरोडीन आणि हायड्रॉक्सिझिन दोन्ही, जी दोन्ही अ‍ॅसिटिलकोलिन या नसांचा निरोप पोचवणाऱ्या रसायनाचं काम अडवतात, मूत्राशयात, आतड्यात, तोंडात आणि मेंदूतही. अशा अवस्थेत स्मृतिभ्रंशाचं निदान करायचं नसतं, थांबायचं असतं.

हार्वर्डमध्ये काम केलेल्या नील रेझनिक यांनी अशा सुधारता येणाऱ्या कारणांची एक यादी करून ठेवलीये जी जगभर शिकवली जाते: डिलिरियम, लक्षणं असलेला मूत्रसंसर्ग, योनीमार्गाची झीज, औषधं, मनाची अवस्था, जास्त बनणारी लघवी, हालचालीवर बंधन आणि साठलेला मळ. आजींमध्ये संसर्ग आणि नैराश्य सोडून बाकी सगळी सापडली. लघवीत जंतू होते पण ताप नाही, जळजळ नाही, आणि म्हातारपणी बायकांच्या लघवीत असे शांत जंतू फार कॉमन आहेत, त्यांच्यावर अँटिबायोटिक देऊन गळती थांबत नाही, जुलाब आणि औषधाला न जुमानणारे जंतू तेवढे मिळतात. तिसरा कोर्स आम्ही दिला नाही.

पहिला वाद झाला तो नळीवरून. ज्युनियर डॉक्टरचं म्हणणं ४२० शिल्लक आहे तर नळी घालून ठेवू, नर्सिंगच्याही सोयीचं. मी नाही म्हटलं. ठेवलेल्या नळीने रोज साधारण ३ ते ७ टक्के पेशंटच्या लघवीत जंतू शिरतात, गोंधळलेला पेशंट ती ओढतो, आणि नळी लागलेल्या माणसाला कुणी संडासला नेत नाही म्हणजे चालणंही बंद. मूत्रपिंडांवर दाब असता, वेदना असती, तर घातली असती. इथे ठरवलं की स्कॅन करत राहायचं, ४०० च्या वर गेलं किंवा पोटात त्रास वाटला तर बारीक नळीने एकदा रिकामं करून लगेच काढायची. पहिल्या दोन दिवसात ते दोनदा करावं लागलं, नंतर नाही.

टॉल्टेरोडीन आणि हायड्रॉक्सिझिन त्याच दिवशी बंद. एनिमा देऊन मळ मोकळा केला, मग रोज मळ मऊ ठेवणारं मॅक्रोगॉल. फ्युरोसेमाइड बंद. अ‍ॅम्लोडिपिनच्या जागी मूत्रपिंड आणि पोटॅशियमवर लक्ष ठेवून दुसऱ्या गटातली बीपीची गोळी लहान डोसमध्ये. दुपारी तासभर पाय उंच करून पडायचं, म्हणजे पायातलं पाणी रात्रीऐवजी दुपारीच बाहेर पडतं. कमी डोसचं इस्ट्रोजेन क्रीम योनीमार्गात. तोंडाने घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांचा इथे काही संबंध नाही, उलट वीमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हच्या मोठ्या अभ्यासात त्या गोळ्यांनी गळती वाढल्याचं दिसलं होतं, क्रीमचं तसं नाही.

चौथ्या दिवसापासून लघवीची डायरी, तीन दिवस. कधी गेल्या, किती मिली, ओलं होतं का. डायपरचं वजन करायचं, कोरड्याचं वजा करायचं, एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिली. मुलीने ती डायरी इतकी नेटकी ठेवली की मी ती ज्युनियर मुलांना दाखवली. २४ तासांत १६०० मिली, त्यातले ७२० रात्रीचे, पहाटे उठल्यावरची पहिली लघवी धरून. म्हणजे ४५ टक्के. पासष्टीच्या पुढे ३३ टक्क्यांच्या वर गेलं की रात्रीची लघवी जास्त म्हणायची. फ्युरोसेमाइड बंद होऊनही पायातली जुनी सूज अजून उतरत होती, तो हिशोब डायरीत दिसत होता.

शिल्लक लघवी ४२० वरून आठवड्यात २६० झाली, मग १४०. बडबड कमी झाली, ४एटी एकवर आली. आणि जसं मूत्राशय रिकामं व्हायला लागलं तशी वेगळीच गळती समोर आली, ओसंडणारी बंद आणि घाईची सुरू. घरचे घाबरले, म्हणाले परत वाढलं की काय. वाढलं नव्हतं. रेझनिक आणि सुब्बाराव यल्ला यांनी १९८७ मध्ये हेच दाखवलं होतं की म्हाताऱ्या मूत्राशयात अवेळी आकुंचन आणि दुबळं आकुंचन एकत्र नांदू शकतात, आणि १९८९ च्या त्यांच्या अभ्यासात संस्थेत राहणाऱ्या गळतीच्या बायकांपैकी ६१ टक्क्यांमध्ये अतिसक्रिय मूत्राशय हे मुख्य कारण निघालं, त्यातल्या निम्म्यांमध्ये आकुंचन दुबळंही होतं. घाई आहे पण पूर्ण रिकामं होत नाही, असं हे मूत्राशय. मूत्राशयातला दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणी केली असती तर कदाचित कागदावर सिद्ध झालं असतं, पण त्याने पुढच्या उपायात फरक पडणार नव्हता आणि दोन नळ्या घालायचा त्रास आजींना झाला असता, म्हणून केली नाही.

आता उरलेलं काम औषधाचं नव्हतं, माणसांचं होतं. दिवसा दर दोन तासांनी सिस्टर जाऊन विचारायच्या, आजी कोरड्या आहात का, जायचंय का, जाऊन आल्या की बरं वाटलं असं सांगायच्या. जबरदस्ती नाही, आठवण. ही पद्धत जॉन श्नेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या नर्सिंग होम्समध्ये नीट तपासली, आणि कुणाला उपयोग होईल हे तीनेक दिवसांच्या प्रयोगात कळतं हेही त्यांच्याच कामातून आलं. पण त्याच कामातून एक त्रासदायक गोष्टही पुढे आली, संशोधक निघून गेले की स्टाफकडून ते टिकत नाही. मला यात स्टाफचा दोष वाटत नाही. एका सिस्टरकडे भरलेला वॉर्ड असेल तर दोन तासांनी विचारायला हात कुठून आणायचे? डायपर खरेदीच्या यादीत दिसतो आणि संडासला न्यायला लागणारी वीस मिनिटं कुठल्याच यादीत दिसत नाहीत. आमच्याकडे फिजिओच्या व्यायामाची वेळ आणि संडासची वेळ एकच केली, म्हणजे चालणंही होतं आणि सिस्टरचा एक फेरा वाचतो. खाटेची उंची कमी केली, कठडे खाली, शेजारी कमोड खुर्ची, रात्री मंद दिवा.

एका ज्युनियरने मला विचारलं सर, पडून आलेल्या पेशंटच्या लघवीवर एवढा वेळ? त्याला मी डॉक्टर मार्जोरी वॉरेनची गोष्ट सांगितली. १९३५ मध्ये लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलने शेजारचं गरीबखान्याचं रुग्णालय ताब्यात घेतलं, ७१४ पेशंट, बरेचसे वर्षानुवर्षं खाटेवर, ओल्यात, कठडे लावून, ‘असाध्य’ म्हणून ठेवलेले. तिने एकेकाला तपासलं, कारणं शोधली, खाटेतून उठवलं, आणि पुष्कळ जण चालायला लागले, काही घरी गेले. आमच्या शाखेची सुरुवात तिथून आहे. नंतर जेम्स ब्रॉकलहर्स्ट, जे पुढे मँचेस्टरला प्राध्यापक झाले, त्यांनी १९५१ मध्ये वृद्धांच्या लघवीच्या गळतीवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं, ज्या काळात या विषयावर बोलायलाही डॉक्टर कमीपणा मानायचे. आणि बर्नार्ड आयझॅक्स यांनी म्हातारपणाचे जे चार राक्षस सांगितले, न हलता येणं, पडणं, गळती आणि बुद्धीचा ऱ्हास, ते चारही आजींच्या एका खाटेवर हजर होते, चौघांना जोडणारी दोरी म्हणजे ती गोळ्यांची पिशवी.

डोकं ताळ्यावर आल्यावर आजींना घाई थोपवायचं शिकवलं. कळ आली की पळायचं नाही. जिथे आहोत तिथे थांबायचं, जमलं तर बसायचं, लघवी अडवतो तसे खालचे स्नायू चार-पाच वेळा पटापट आवळायचे, कळ ओसरली की मग शांत चालत जायचं. ऐकायला फार साधं वाटतं. कॅथरिन बर्जिओंच्या १९९८ च्या अभ्यासात ५५ ते ९२ वयाच्या १९७ बायकांमध्ये अशा प्रशिक्षणाने गळती सरासरी ८०.७ टक्के कमी झाली, ऑक्सिब्युटिनिन या घाईवरच्या गोळीने ६८.५ आणि नुसत्या खोट्या गोळीने ३९.४. त्या बायका घरी राहणाऱ्या, डोकं शाबूत असलेल्या होत्या, म्हणून गोंधळलेल्या पेशंटला पहिल्या दिवशी हे शिकवण्यात अर्थ नसतो, आणि म्हणून आम्ही थांबलो होतो.

आजींना विचारलं, तुम्हाला काय व्हायला हवंय? त्या म्हणाल्या, पूर्ण कोरडं नसलं तरी चालेल, पण मला पोरीने पुसायला नको, आणि दोन तास कुठे बसता यायला हवं. रिसर्चमध्ये आम्ही गळतीचे प्रसंग मोजतो, ग्रॅम मोजतो, ते मोजायलाच हवं, पण आजींचं हे उत्तर मी फाइलमध्ये निदानाच्या वर लिहिलं आणि पुढचे उपाय त्यावर ठरवले.

घरी सोडताना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना पत्र दिलं. त्यात काय सुरू केलं यापेक्षा काय बंद केलं आणि का, हे जास्त लिहिलं: टॉल्टेरोडीन, हायड्रॉक्सिझिन, फ्युरोसेमाइड, अ‍ॅम्लोडिपिन, प्रत्येकापुढे एक ओळ कारण. हे लिहिलं नाही तर दोन महिन्यांत कुणीतरी चांगल्या हेतूने त्यातलं एखादं परत सुरू करतं. ‘स्मृतिभ्रंश असावा’ खोडून ‘डिलिरियम होता, तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं’ असं केलं.

सहा आठवड्यांनी आल्या तेव्हा पायाची सूज गेलेली, उभं राहिल्यावर बीपी १३८ वरून १३०, शिल्लक ९० मिली. रात्री एकदा, क्वचित दोनदा उठतात. दिवसा डायपर नाही, बाहेर जाताना पातळ पॅड. आठवड्यात एक-दोनदा अजून घाईत थोडं ओलं होतं. घाईवरच्या मिराबेग्रॉन या गोळीचा पर्याय समजावून सांगितला, हे औषध डोक्याला गुंगवत नाही, बीपीवर लक्ष ठेवावं लागतं. आजी म्हणाल्या आता अजून गोळी नको. मला त्यांचं म्हणणं पटलं, मूत्राशय नुकतं रिकामं व्हायला लागलंय, थांबायला जागा होती.

तीन महिन्यांनी स्मरणशक्तीची चाचणी घेतली, वयाच्या आणि शिक्षणाच्या मानाने नॉर्मल. मुलीने सांगितलं की हिशोबाची वही आईने परत स्वतःकडे घेतलीये. क्रीम आठवड्यातून दोनदा आणि मॅक्रोगॉल चालू ठेवलंय, पुढची भेट सहा महिन्यांनी, तेव्हा शिल्लक परत मोजायची.